नंबर न मोडणाऱ्या इंदुमतीमॅडम

कामरगावचे पावणे यायचे होते दुपारी, पण आधी दारात उभ्या राहिल्या त्या इंदुमतीमॅडम. सोबत त्यांचे तीन विद्यार्थी आणि एक मोठी बर्फाची पेटी. आमच्या मेडशीत दारापुढं जीप थांबली की अर्धी गल्ली बाहेर येते. त्यात माझ्या नातीला, पल्लवीला, त्या दिवशी पाहायला येणार हे सगळ्यांना ठाऊक. शेजारीण म्हणे, पावणे लवकरच आले बाई, आणि पेटी घेऊन आले. मी भज्यांचं पीठ कालवत होते, तशाच हातानं बाहेर गेले.

पण थांबा. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात आधी ओळख कशी झाली ते लिहायचं असतं, असं पल्लवीनं बजावलं आहे. तर मंडळी, मॅडमची आणि माझी ओळख भांडणानं झाली.

पल्लवी विद्यापीठात तुरीच्या मर रोगाचा अभ्यास करते. हिरवीगार तूर उभ्या उभ्या वाळून जाते, तो हा रोग. आमच्या वावरात दरवर्षी येतो, न बोलावता. पल्लवीच्या पहिल्या वर्षी मी तिला पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. टिकाव्यात म्हणून तिनं तो प्रयोगशाळेच्या थंड कपाटात ठेवला, आणि मॅडमनी पोळ्या फेकून दिल्या. पोरगी फोनवर रडली. मी माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या बापाला, गजाननला, मॅडमना फोन लावायला सांगितला आणि विचारलं, "बाई, अन्न कोनी फेकते का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, त्या कपाटात कोणाची बुरशी आहे, कोणाच्या उंदराचं रक्त आहे. पोळ्या खाऊन पोरगी आजारी पडली असती, तर तुम्हीच मला जाब विचारला असता. आणि कपाट एकट्या पल्लवीचं नाही."

माझं तोंड बंद झालं. असं पहिल्यांदाच झालं, असं गजानन म्हणतो. मग मॅडमच म्हणाल्या की पुढचा डबा माझ्या घरी पाठवा. तेव्हापासून डबा त्यांच्या घरी जातो आणि वसतिगृहातली पोरं रविवारी तिथं जेवतात. मला पुरण जास्त शिजवावं लागतं, पण त्याचं काही नाही.

ती प्रयोगशाळा मी एकदा पाहून आले. झाडांवाले, किड्यांवाले, औषधांवाले, सगळ्यांची मिळून मोठी यंत्रं एकाच छताखाली. ज्याला त्याला वेगळं यंत्र घेणं परवडत नाही, म्हणून सामायिक. दारावर फळा, फळ्यावर ज्याचा त्याचा नंबर. आमच्या गल्लीत शेवयांचं एक मशीन सामायिक आहे, त्यापायी दोन जावा अजून बोलत नाहीत. मॅडमकडं असं होत नाही, कारण त्या नंबर मोडत नाहीत. एकदा म्हणे दुसऱ्या खात्याचे मोठे सर नंबर नसताना आले, म्हणाले, पाचच मिनिटं लागतील. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. थोड्या वेळानं पुन्हा चहा दिला. संध्याकाळपर्यंत सरांना चहा मिळाला, मशीन मिळालं नाही. मान पुरेपूर, पण नंबर म्हणजे नंबर.

तर आता पावणे यायचे होते त्या रविवारचं सांगते. पल्लवीचा नंबर होता मंगळवारी, आणि त्यासाठी आमच्या वावरातली तुरीची ताजी मुळं हवी होती. पोरगी नवी साडी नेसून घरात अडकलेली. म्हणून मॅडम स्वतः आल्या. "तू बस निवांत, मुळं आम्ही काढतो," म्हणाल्या, आणि साठीच्या उंबऱ्यावरची ही बाई पदर खोचून वावरात गेली.

आम्हा घरच्यांचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. कामरगावच्यांनी आधीच निरोप धाडला होता की पोरगी पसंत पडली तर तिचं शिक्षण बंद. पल्लवी म्हणे, मग मला नवराच नको. आणि गजानन म्हणे, असं घर पुन्हा मिळायचं नाही. दोघांचं बोलणं बंद, मधे मी.

मॅडम मुळं घेऊन परतल्या, हातपाय धुऊन ओसरीत सतरंजीवर बसल्या. पल्लवी त्यांना चहा देत होती, तेवढ्यात कामरगावचे दारात. मुलाची आई जागीच थांबली. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, हे आमच्या आधी कोण आले? मी खरं तेच सांगितलं, विद्यापीठातले आहेत, पल्लवीसाठी आले. आणि भजी करपतील म्हणून आत गेले. पुढचं चुलीजवळून ऐकलं.

त्या बाईंनी मॅडमना विचारलं, "तुमी पोरीले पुढं शिकू देनार काय?"

"देणार म्हणजे? अशी मुलगी मी सोडत नसते. अजून दोन वर्षं तरी ती माझ्याकडंच राहील."

"अन् सैपाकाचं?"

"माझ्याकडं खाण्याची वस्तू आत न्यायलाच बंदी आहे."

बाई गार झाल्या. एवढी शिकलेली सासू, सुनेला चुलीपाशी जाऊच देत नाही! लगेच गजाननकडं वळून म्हणाल्या, "भाऊ, आमी तरी कुठं म्हनतो शिक्षन बंद करा म्हून? शिकू द्या ना तिले, शिकन तितकं."

मग त्यांनी हळूच मॅडमना विचारलं, यातला मुलगा कोणता? मॅडम म्हणाल्या, कसला मुलगा, हे माझे विद्यार्थी. आणि पेटी उघडून दाखवली. बर्फावर पिशव्या, पिशव्यांत मुळं.

पहिला हसला तो पाहायला आलेला मुलगाच. हसता हसता पेटीवर वाकला आणि पल्लवीला विचारू लागला, "आमची बी तूर अशीच वाळून राह्यली. हे कायनं होते?" मुलाची आई म्हणाली, अरे, मी आपली समजली होती की... तर तो वर न पाहता म्हणाला, "आई, तू शिकू द्या म्हनलं ते म्हनलं." पल्लवीनं मूळ चिरून त्याला आतली काळी रेघ दाखवली. मी सगळ्यांना भजी वाढली, पेटीपासून लांब.

निघताना बाई म्हणाल्या, मंगळवारी बोलणी करू. मॅडम म्हणाल्या, मंगळवारी पल्लवीचा नंबर आहे. बाईंनी विचारलं, एक दिवस मागं-पुढं होत नाही का? मॅडम म्हणाल्या, "माझ्या साठीचा समारंभसुद्धा मशीन बंद झाल्यावर ठेवलाय, बाई."

मंडळी, मॅडमना उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत मिळो. वरच्याकडंही फळा असेल, त्यावर त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी असो. आणि तिकडून कोणी घाईनं आलाच, तर मॅडमनी त्याला खुर्ची द्यावी आणि संध्याकाळपर्यंत चहा पाजावा.

पावणे गुरुवारी येतो म्हणून गेले. मॅडमही येणार आहेत, पण या वेळी पावण्यांच्या मागून.