पट्टा काढणारा हात

नातेवाईक त्याला ‘हाणामारी’ म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याने दिग्दर्शित केलेल्या प्रत्येक सिनेमात कुणाचं ना कुणाचं डोकं फुटायचंच. पण लोक घाबरायचे ते रक्ताला नव्हे. रक्त काय, बाटलीत मिळतं. घाबरायचे ते त्याच्या कॅमेऱ्याला. तो कॅमेरा पार जमिनीला टेकवायचा, म्हणजे मारणारा माणूस दाराएवढा दिसतो. ही विद्या त्याला कुठल्या शाळेत मिळाली नव्हती. लहानपणी बाप आईला मारायचा तेव्हा हा पलंगाखाली लपलेला असायचा, आणि तिथून बाप तेवढाच दिसायचा.

नव्या सिनेमात त्याने तो बापच उभा केला. तशीच खोली, तसाच पलंग, तसाच जाड बकलाचा पट्टा. हेतू एकच, म्हाताऱ्याने हे बघावं आणि चारचौघांत त्याची मान खाली जावी. त्यासाठी पठ्ठ्याने सगळी हत्यारं पाजळली. पट्टा निघण्याआधीचे सगळे आवाज काढून टाकले, अगदी पंख्याचासुद्धा. मग एकटं बकल वाजतं. नटाला पट्टा ओढणं काही जमेना, दर वेळी कमरेत अडकायचा. शेवटी वैतागून याने तो स्वतःच्या कमरेला बांधला, कॅमेरा नुसत्या हातावर लावायला सांगितला आणि एका झटक्यात पट्टा बाहेर काढला. सगळे वा वा म्हणाले. तोही खूश झाला.

पहिल्या खेळाला त्याने आईबापांना शेजारी शेजारी बसवलं आणि स्वतः बापाच्या मागच्या खुर्चीत बसला. त्याला ती मान झुकताना बघायची होती.

पडद्यावर शांतता पसरली. बकल वाजलं. पट्टा बाईच्या पाठीवर, खांद्यावर, तोंडावर बसत गेला. ती भिंतीवर आपटली, तुटलेला दात फरशीवर पडला. थिएटरात कुणी श्वास घेईना. मग पलंगाखालच्या पोराचा चेहरा आला, संगीत चढत गेलं, आणि पोराने बाहेर येऊन बापाच्या गुडघ्यावर लोखंडी कांब घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला, तशी शिट्टी वाजली.

शिट्टी त्याच्या बापाने मारली होती. “हाण साल्याला,” म्हातारा ओरडत होता. “सोडू नकोस त्याला.”

संगीत कुणाच्या बाजूने वाजवायचं हे दिग्दर्शकानेच ठरवलं होतं. सगळं थिएटर आपसूक पोराच्या बाजूला गेलं, त्यात बापही गेला. इतकं काम चोख झालं होतं.

दिवे लागल्यावर बाप वळून म्हणाला, “झकास केलंस. असल्या जनावराला असंच ठेचलं पाहिजे.” चेहऱ्यावर स्वतःला ओळखल्याची खूण नव्हती.

आई उठली नव्हती. बकल वाजलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं, ते हात अजून तिथेच होते. तो पुढे येऊन तिच्यासमोर वाकला.

“आई, चल. संपलं.”

“पट्टा काढणारा तो हात तुझा होता ना?”

“हो. त्या नटाला जमत नव्हतं.”

“मग तुला कसं जमलं रे?”

तिला उठवायला त्याने हात पुढे केला. त्या हाताकडे बघत आई खुर्चीत मागे सरकली आणि शेजारच्या नवऱ्याचा हात धरून उठली.