रमिला, आणि मी लिहिलेलं ते उत्तर

मी परीक्षेत खोटं लिहिलं होतं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं.

जिच्याबद्दल लिहिलं होतं, ती शेजारच्या बाकावर बसून ऐकत होती.

ती काल गेली.

रमिला. कावीळ झाली होती. शाळेच्या पोरींची टूर्नामेंट संपेपर्यंत तिने अंगावर काढली. मग डोंगरातून खाली आणेपर्यंत उशीर झाला होता.

अक्कलकुव्याच्या पुढे एका आश्रमशाळेत ती खेळ शिकवायची. त्याआधी कॉलेजात ती माझ्या खो-खोच्या टीममध्ये होती.

टीम कसली, दोन टीम होत्या. तापीकाठच्या आम्ही सहा, घरून डबा आणणाऱ्या. आणि सातपुड्यातल्या त्या सहा, होस्टेलवर राहणाऱ्या. मैदान एक, पण बसायची झाडं वेगळी, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या.

भांडणं नव्हती हं. भांडायला आधी बोलावं लागतं.

तेव्हा सायकॉलॉजीच्या सरांनी प्रोजेक्टरवर एक इंग्रजी सिनेमा दाखवला. अमेरिकेतली शाळा, गोरी आणि काळी पोरं पहिल्यांदाच एका टीममध्ये. आधी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मग एकत्र घाम गाळतात, शेवटी जिंकतात.

सर मधेच पॉज करून शिकवायचे. हा आपला गट, हा परका गट, हे समान ध्येय. सहवास वाढला की पूर्वग्रह कमी होतो.

"पण दर्जा बरोबरीचा असला तरच," हे ते दोनदा म्हणाले. आम्ही वहीत अंडरलाइन केलं आणि विसरून गेलो.

सिनेमा बघून आम्ही पण पेटलो. एका झाडाखाली बसायला लागलो. रमिला माझी प्रॅक्टिस पार्टनर झाली. घरी ती पावरी बोलायची, आमच्याशी शाळेतली मराठी, आणि तीही मोजकीच. पण पोलवर अशी झेपावायची की समोरची टीम धावायचं सोडून बघत राहायची.

त्या वर्षी आम्ही झोनल जिंकलो. मी सगळ्या टीमला प्रकाशा या आमच्या गावी, घरी जेवायला बोलावलं.

सकाळी आई पत्रावळी पुसत बसली होती. मी विचारलं, "घरमा इतला ताटं शेतस ना?"

"सगळासले सारखंच," आई म्हणाली. "कोनले काही वाटाव नही."

डोंगरातल्या सहा जणींना घरच्या ताटात वाढावं लागू नये, म्हणून बाराही जणींना पत्रावळी. मला लगेच कळलं. तरी मी मांडायला मदत केली.

वरण-बट्टी होती. मांडणीवर स्टीलची ताटं घासूनपुसून उभी होती आणि रमिला नेमकी त्यांच्यासमोर बसली होती. तिने एकदा तिकडे बघितलं. मग मान खाली घालून जेवली. निघताना आईला म्हणाली, "बट्टी छान होती, काकू."

आणि मग परीक्षा. पूर्वग्रह कमी करण्याचे उपाय सोदाहरण लिहा.

मी ते जेवण लिहिलं. आमच्या घरी सगळ्या जणी एका पंगतीत बसल्या, सगळे भेद गळून पडले, असं बरंच काही. सर इतके खूश झाले की नावासकट वाचून दाखवलं. टाळ्या पण झाल्या.

बाहेर आल्यावर रमिला म्हणाली, "छान लिहिलंस. पत्रावळींचं तेवढं राहिलं."

मी घाईघाईत म्हणाले, "अगं, आई तुला तसं समजत नाही. ती म्हणते, तू आपल्यासारखीच आहेस."

"मी माझ्या आईसारखी आहे," ती म्हणाली. "ती आली असती तर कुठे बसवलं असतं?"

ती रागावली नव्हती, हेच वाईट. तिला खरंच उत्तर हवं होतं. ते मला माहीत होतं आणि मी दिलं नाही.

एखादीला अपवाद ठरवलं की बाकीच्यांबद्दल जे मनात असतं ते तसंच ठेवता येतं. हेही सरांनी शिकवलं होतं. मला समजायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

पुढे मी बँकेत लागले, धुळ्याला आले. वाढदिवसाला मेसेज, दिवाळीला मेसेज. ती परत आमच्या घरी आली नाही. मीही बोलावलं नाही. माफी मागायचं मनात यायचं, मग वाटायचं, जुनं कशाला उकरायचं. सोयीचं होतं ते.

काल टीमच्या ग्रुपवर बातमी आली. कोणीतरी लिहिलं, "आपल्या टीममध्ये कधीच भेदभाव नव्हता." खाली सगळ्यांचे जोडलेले हात.

मी पण टाकले.

मग आईचा फोन. "भलतं वाईट व्हयनं वं. आपला घर जेवी गयथी ती पोर. कितली मायानं वाढं व्हतं आपन."

आई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवतंय. जे केलं ते सोसवत नाही, म्हणून माणूस आठवणच बदलून घेतो.

मी म्हणाले, "हां आई."

सगळे चुकीचं बोलत असले की बरोबर माहीत असलेलाही मान डोलावतो. याचंही उत्तर मी त्या पेपरात लिहिलं होतं.

फोन ठेवल्यावर मला माझीच शिसारी आली. म्हणून हे लिहितेय. आई, तू हे वाचशील. वाईट वाटेल. वाटू दे. दोष तुझ्या एकटीचा नाही. मी शिकलेली होते, मला तर मार्क मिळाले होते.

आता अक्कलकुव्याच्या बसमध्ये बसलेय. पुढे जीपने तिच्या गावी जायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिच्या आईला मी कधी बघितलेलं नाही. त्या विचारतील, तू कोण.

मैत्रीण म्हणायचा हक्क मला नाही. सोबत खेळायचे, एवढंच सांगेन.

रमिला, माझं चुकलं. हे तू असताना बोलायला हवं होतं.

जड मनाने तुला निरोप.