डोळ्यांसकट कात

आईने सरपणाच्या ढिगात सापडलेली सापाची कात डब्यात घालून दिली होती. "तुझ्या मॅडम सापांचाच अभ्यास करतात ना, त्यांना दे." पण प्रयोगशाळेत घरची कात काय दाखवायची, असं वाटून दोन दिवस डबा पिशवीतच राहिला. आज धीर केला.

मॅडमनी कात खिडकीच्या उजेडात धरली. "अगं, अख्खी आहे ही. डोळे बघ." डोक्याच्या दोन्ही बाजूंना इवल्याशा पारदर्शक टिकल्या चमकत होत्या. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर काचेसारखा एक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो, हे मी नुसतं पाठ केलं होतं. कात टाकण्याआधी धूसर झालेली नजरसुद्धा अशी उतरवून ठेवता येते, याचा मला फार आनंद झाला. मलाही ते जमेल का, कोण जाणे.

"फाटली कशी नाही? आमच्या हातात चिंध्याच येतात," मॅडम म्हणाल्या. मी आईला फोन लावून स्पीकर चालू केला.

"सकाळी दवाने ओली होती तेव्हाच काढली. वाळल्यावर ओढली की फाटते. एवढं तुमच्या कॉलेजात माहीत नाही होय?"

"नव्हतं हो, ताई," मॅडम हसत म्हणाल्या. "आता तसंच करू."

मग त्यांनी कात बरणीत ठेवली आणि बरणीवर लावायची चिठ्ठी मला लिहायला दिली. 'नमुना कोणी गोळा केला' यापुढे मी आईचं पूर्ण नाव लिहिलं. आजवर ते मी फक्त माझ्याच अर्जांमध्ये भरत आले होते.