झाकणावरच्या चित्राहुती

हैदराबादेत कोठी भागाच्या मागच्या गल्लीत सत्यवतीकाकूंच्या जिभेला सगळे वचकून असत. प्रतापराव वकिलांच्या घरची आमटी इतकी पातळ की तीत डाळ शोधावी लागते, ही बातमी पार तारनाक्यापर्यंत नेली ती काकूंनीच. घरात काकू आणि पुतण्या माधव, दोघंच. पुतण्यावर जीव होता, पण तोही टोमण्यांतूनच बाहेर पडायचा.

माधव रशियाची पुस्तकं वाची आणि देव मानत नसे. मुंजीपासूनची सवय मात्र सुटली नव्हती. जेवायला बसला की आधी भाताचे पाच चिमुकले गोळे उजव्या अंगाला, ओळीत. चित्राहुती, देवाच्या वाट्याच्या.

"काय रे, तुझ्या रशियात चालतं का हे?"

"हाताची सवय आहे, काकू. माझा काही संबंध नाही."

सत्तेचाळीस साली तिरंगा लावला म्हणून निजामाच्या पोलिसांनी त्याला धरलं होतं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, काकूंनी गल्लीभर पेढे वाटले. वर्ष उलटतंय न उलटतंय तोच पुस्तकाच्या दुकानातून, भर दुपारी, माधवला पुन्हा उचललं. कम्युनिस्टांची पत्रकं सापडली म्हणे! चौकी तीच, जमादार उमाजी तोच. टोपीवरचा बिल्ला तेवढा नवा.

काकू डबा घेऊन चौकीत गेल्या.

"नक्को काकू, इथं नाही तो," उमाजी म्हणाला.

"मग कुठं आहे?"

"मला काय मालूम? पण डबा आणलाच आहे तर ठेवून जा. वाया कायकू घालवता?"

दोन दिवस डबा चाटूनपुसून परत आला. काकूंच्या वरणानं उमाजीच्या मिशा तुळतुळीत झाल्या, पण माधवचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी भातासोबत कारलं दिलं. ना गूळ, ना चिंच. असलं कडू जहर मिटक्या मारत खाणारा माणूस हैदराबादेत एकच होता. उमाजीनं एक घास तोंडात घातला असेल, थुंकला असेल, आणि डबा कोठडीत सरकवला असेल.

संध्याकाळी डबा न धुताच परत आला. काकूंनी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला भात चिकटला होता. पाच जागी.

काकूंना आधी हसूच फुटलं. सापडला गं बाई, नास्तिक सापडला! मग त्यांनी झाकण दिव्याजवळ नेऊन नीट पाहिलं.

त्या झाकणाच्या आतल्या बाजूला काकूंच्या यजमानांचं नाव कोरलेलं होतं. माधव शाळेत डबा नेई तेव्हापासून नाव सरळ धरून त्याच्या उजवीकडे गोळे मांडायचा, बोरांएवढे, घट्ट वळलेले. आज भात नावाच्या डावीकडे होता. गोळे वळलेलेच नव्हते, शितं कशीबशी ढकललेली. डाव्या हातानं. उजवा हात धड असता तर हा मुलगा डाव्या हातानं जेवला असता? मेला तरी नाही.

काकूंनी झाकण फडक्यात बांधलं आणि सकाळी प्रतापरावांचं दार ठोठावलं.

"काकू, जपून बोला. आता आपलंच सरकार आहे," वकीलसाहेब चहा फुंकत म्हणाले.

"आपलं? मग आपल्या पोराचा हात मोडायला त्याला लाज कशी नाही वाटत? निजाम परका होता, त्याला शिव्या तरी घालता येत होत्या! धरलेला माणूस दुसऱ्या दिवशी न्यायाधीशापुढं उभा करायचा असतो, हे ओट्यावर बसून तुम्हीच सांगत होतात ना? आज चौथा दिवस आहे."

"पण झाकण म्हणजे काय पुरावा..."

"ठीक आहे. मी एकटी जाते. कोर्टाच्या पायरीवर बसून तुमच्या आमटीपासून सुरुवात करते."

वकीलसाहेबांनी कोट चढवला.

न्यायाधीश जुन्या वळणाचे, नेमधर्माचे गृहस्थ. प्रतापरावांचा कायदा त्यांनी डोळे मिटून ऐकला. काकूंनी झाकण पुढं ठेवून नाव कुठं, भात कुठं ते दाखवलं तेव्हा डोळे उघडले. बोटानं पाच जागा मोजल्या. स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्याकडे.

"दोन वाजता त्या इसमाला माझ्यापुढं आणा," ते म्हणाले. "डॉक्टरही बोलवा."

दोन वाजता माधव आला. उजवा हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा, तीन बोटं वाकडी.

"जिन्यावरून पडला, साहेब," उमाजी म्हणाला.

"मेल्या, तुझी चौकी एकमजली!" काकू कडाडल्या. "जिना काय आमच्या कराचा पैसा घालून बांधलास, एका दुपारपुरता?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. माधवला इस्पितळात न्यावं, त्याला पुन्हा चौकीत नेऊ नये, आणि उमाजीनं चार दिवसांचा जबाब लिहून द्यावा, असा हुकूम त्यांनी जागच्या जागी लिहिला. झाकण पुरावा म्हणून ठेवून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात माधव बाकावर बसला, पहाऱ्याला शेजारी उमाजी. काकूंनी दुसरा डबा उघडला. माधवला हात उचलवेना, म्हणून त्याच घास भरवायला लागल्या. त्यानं तोंड बाजूला केलं.

"काकू, आधी पाच ठेव ना."

"का रे? देव मानायला लागलास?"

"देव नाही गं. पण पोलीस आहेत अजून, खूण राहू दे."

काकूंनी इकडंतिकडं पाहिलं. नावाचं झाकण तर कोर्टात जमा. मग त्यांनी कोर्टाच्या लाकडी बाकावरच पाच गोळे मांडले, घट्ट वळून, अगदी उमाजीच्या मांडीला लागून.