इटलीतल्या विहिरीला मोटेची धाव

आमच्या निरवांगीत माझ्या आजोबांना 'इटलीवाले' म्हणायचे, आणि ते कौतुकाने नव्हे. फौजेतून परतल्यावर त्यांनी पारापाशी उभं राहून सांगितलं होतं, की युद्ध संपून जहाजाची वाट बघत असताना तिकडच्या एका गावाची सुरुंगाने उडवलेली विहीर मी पुन्हा बांधली, आणि तिचं पहिलं पाणी मलाच दिलं. लोक खो खो हसले. आम्ही बौद्ध व्हायच्या आधीचा काळ तो. गावच्या विहिरींचे दगड आजोबांनी वाहायचे, पाण्याला मात्र शिवायचं नाही. अशा माणसाला पहिलं पाणी? थाप!

ते हसू माझ्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, जन्मभर सलत राहिलं. पंचाहत्तरी उलटल्यावर म्हणाले, "डोळं मिटायच्या आदी एकदा खरंखोटं बघू दे."

आजोबांच्या ट्रंकेत फौजी वेशातला त्यांचा एक फोटो होता, त्याच्यामागे त्या गावाचं नाव होतं. तिथल्या कचेरीला मेल टाकला, तर दोन आठवड्यांनी चक्क 'या' असं उत्तर आलं. मी बारामतीत भूगोल शिकवते, म्हणून दिवाळीची सुट्टी गाठली. व्हिसासाठी मुंबईच्या दोन चकरा झाल्या. तुम्ही जाणार असाल तर कागद आधीच लावून ठेवा. रोमहून अडीच तास आगगाडी, मग डोंगरातली बस. बसमध्ये चढल्यावर तिकिटावर यंत्राचा शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. कॉफी उभ्यानेच प्या, टेबलाशी बसलात की दाम वाढतो. हे ऐकून तात्या म्हणाले, "म्हंजी खुर्चीला बी तिकीट हाय व्हय!"

त्या भागात पावात मीठ घालतच नाहीत. पहिला घास घेऊन तात्या कळवळले, "बाई मीठ इसरली गं!" आणि त्यांनी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली. खानावळवालीने चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा मागितली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या माणसाने आम्हाला चौकातली विहीर दाखवली. गोल कठडा, वर लोखंडी चाक. तात्यांचा चेहरा पडला. "ही न्हाय. आबा सांगायचं, हिरीला धाव हुती," ते म्हणाले आणि पायरीवरच बसले. एवढ्या लांब येऊन आजोबा खोटे ठरतात की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात काठी टेकत त्याच गावातल्या रोझाआजी आल्या. युद्ध संपलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. त्यांची नात इंग्रजीत सांगे, मी तात्यांना मराठीत. आजोबांचा फोटो बघताच आजी वळल्या आणि आम्हाला ऑलिव्हच्या बागेमागे घेऊन गेल्या. तिथे दुसरी विहीर होती. काठावर दगडी थारोळं आणि बाजूला खाली उतरत गेलेला लांब फरसबंद उतार.

"आम्हाला कधी कळलंच नाही, विहिरीला घसरगुंडी कशाला," आजी म्हणाल्या. "चार पिढ्यांची पोरं इथे घसरलीत."

तात्या आधी हसले, मग हसता हसता रडायला लागले. अहो, आजोबांनी पाहिलेल्या सगळ्या विहिरी मोटेच्या! चामड्याची मोट ओढत बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव, मोट रिकामी होते ते थारोळं. धाव नसली तर विहीर पुरी कशी होणार, म्हणून मोट कुणी कधी बघितली नाही अशा गावात या गड्याने धाव बांधली. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल कासऱ्यासारखा धरला आणि उतारावरून खाली, मग उलट पावली वर, असं स्वतःच बैल होऊन दाखवलं. तोवर जमलेल्या अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. मला इतका अभिमान वाटला, की व्हिडिओ काढायचाच राहिला.

मग आजींनी पहिल्या पाण्याचं सांगितलं. त्यांच्या आईने आजोबांनाच आधी बोलावलं. ते बादलीला हातच लावेनात. चार हात लांब थांबून, वाकून त्यांनी ओंजळ पुढे केली. आईला वाटलं, हा आजारी आहे. ती जवळ गेली, त्यांचे हात सोडवले आणि भरलेला पेला त्यांच्या हातात दिला.

हे आजोबांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. तात्यांनी थारोळ्याच्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आबा वढ्यावर बी वंजळीनं पानी पीत न्हवतं. प्यायला पत्र्याचं टमरेल संगं असायचं. आमी म्हणायचो, फौजी रुबाब."

परतल्यावर निरवांगीत तात्यांनी भगवानरावांना घरी बोलावलं. वय नव्वद, वरच्या आळीतले, आमच्या घरचं पाणी कधी न घेतलेले, तरुणपणी मोट हाकलेली, आणि 'इटलीवाले' म्हणून हसण्यात कायम पुढे. तात्यांनी पहिल्या पाण्याचं सगळं सांगून तिकडे काढलेला विहिरीचा फोटो दिला, तो त्यांनी डोळ्यांजवळ धरला. "आरं, ही तर मोटंची धाव! दुसऱ्या कुणाला सुचायची न्हाय ही." मग मान खाली घालून म्हणाले, "आमी लई हसलो रं त्यांना."

तात्यांनी चहाचं विचारलं.

"च्या नगं. पानी दे. अन् तुज्या आबांचं ते टमरेल आसंल, तर त्यातच दे."

तात्यांनी फळीवरून आजोबांचं टमरेल काढलं, घासून लख्ख केलं आणि काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिलं. भगवानरावांनी ते दोन्ही हातांनी धरून रिकामं केलं.