पंधरा मिनिटांचे सर

वर्गात आल्याबरोबर सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत, आणि पुढच्या बाकांवरचे वह्यांत माना खुपसत. पदार्थविज्ञान त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस अख्ख्या नगरात नव्हता. त्यांच्याइतका छळणाराही नव्हता. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झालो, म्हणून दोन्ही गोष्टी छातीठोकपणे सांगतो.

माणसांची त्यांनी दोनच प्रकारांत वाटणी केली होती. "प्रोटॉन कुठेही टाका, टिकतो. न्यूट्रॉन अणूच्या गाभ्यात, आपल्या गोतावळ्यात आहे तोवर शहाणा. एकटा बाहेर काढा, सरासरी पंधरा मिनिटांत फुटतो." मग कुणाला तरी फळ्यापाशी उभं करून अवघड प्रश्न घालत आणि घड्याळाकडे बघत बसत. पोरगं रडलं की म्हणत, "न्यूट्रॉन!" वर्ग हसे. माझ्या वेळी मी नवव्या मिनिटाला फुटलो होतो. पुढे दुसऱ्यांना हसताना मात्र मी कधी मागे राहिलो नाही.

मी डेमॉन्स्ट्रेटर होऊन सरांच्या तासाला मागे बसू लागलो होतो, त्या दुष्काळाच्या वर्षी मिरजगावचा भानुदास आला. कॉलेजात पोचलेला घरातला पहिलाच. बापाने एकच वर्ष दिलं होतं; जमलं नाही तर परत यायचं, कामाला हात हवे होते. एक दिवस तो उभा राहिला. "सर, प्रोटॉन कदीच फुटत न्हाई, हे कुनी बगितलंय? तेवढा येळ थांबलंय कोन?"

"मिरजगावात प्रोटॉन पिकतात वाटतं!" सर म्हणाले. "या पुढे. फुटतो हे सिद्ध करा. पंधरा मिनिटं."

भानुदास खडू धरून नुसता उभा राहिला. बाराव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. दुसऱ्या दिवशी त्याची खोली रिकामी होती.

उन्हाळ्यात सरांच्या हाती एक परदेशी मासिक पडलं. खोल खाणींच्या तळाशी उपकरणं लावून मोठमोठे शास्त्रज्ञ बसले होते, प्रोटॉन कधी काळी फुटतो का ते बघत. म्हणजे पोराचाच प्रश्न. सरांनी लेख दोनदा वाचला आणि म्हणाले, "चला, मिरजगावला जाऊ." त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जी माया वाटली, ती आजही पुरती गेलेली नाही.

भानुदास दुष्काळी कामावर खडी फोडत होता. सरांनी भर उन्हात त्याच्यासमोर मासिक उघडून धरलं. "तुझा प्रश्न बरोबर होता. माझं चुकलं. परत ये."

त्याने हातोडी खाली ठेवली नाही. "व्हय का? बरं झालं. पर माजी पंधरा मिन्टं कवाच झाली, सर."

परतीच्या एसटीत सर मासिक मांडीवर ठेवून रडले. नगर येईपर्यंत मी मिनिटं मोजली नाहीत. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

जूनमध्ये नवी मुलं आली. सरांनी सवयीने घड्याळ काढलं, चष्मा घरी राहिला म्हणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जरा तुम्ही बघा." फळ्यापाशी काष्टी गावची एक मुलगी खडू धरून उभी होती.

मी बघू लागलो.