तीन बहिणी, एक माइक

"खलास," नबील म्हणाला. "गुरुवारचा शो होऊ दे. तोही असाच झाला तर शनिवारी मी तिघींना मुंबईच्या विमानात बसवतो."

नबील आमच्या हॉटेलचा फूड अँड बेव्हरेज मॅनेजर होता. माणूस लेबनीज, कपडे झकपक, राग नाकाच्या शेंड्यावर. बहरीनची राजधानी मनामा, तिथल्या त्या हॉटेलात खाण्यापिण्याबरोबर गाणंबजावणंही त्याच्याच खात्यात येई, कारण मॅनेजमेंटच्या लेखी गाणं म्हणजे जेवणाबरोबर वाढायची एक गोष्ट होती. मी तिथला साउंड टेक्निशियन. मुंबईत रेडिओवर नऊ वर्षं काढून, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बहरीनला आलो होतो. हॉलमधल्या कोणाचाही आवाज कोणाच्याही कानापर्यंत नीट पोचवणं ही माझी नोकरी होती.

सोमवारच्या पहिल्या शोला तो पोचला नव्हता. म्हणजे पोचला होता, पण ऐकवत नव्हता.

तिघी बहिणी मूळच्या वसईच्या. थोरल्या फिलोमिनाबाई, मधली सेलीन, धाकटी हिल्डा. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे घरात चालायच्या आधी सूर धरायला शिकलेल्या. पन्नासच्या दशकात मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत त्यांचं नाव होतं. इंग्रजी गाणी, एकसारखे गाऊन, रेकॉर्डी निघाल्या, सिनेमाच्या कोरसातही गायल्या. पुढे गिटारवाल्या पोरांचे बँड आले आणि हॉटेलवाल्यांचे फोन बंद झाले. फिलोमिनाबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या, सेलीन शाळेत शिकवू लागली, हिल्डा संसाराला लागली. अशी चौदा वर्षं गेली. मग आखातात हॉटेलं उभी राहिली, त्यांना रोज संध्याकाळी काहीतरी नवं हवं होतं, आणि एका एजंटला कोणाच्या तरी घरी यांची जुनी रेकॉर्ड ऐकायला मिळाली. फिलोमिनाबाईंनी एक्स्चेंजमधली नोकरी सोडली. तीन महिन्यांचा करार, पहिला आठवडा ट्रायलचा, सोमवारी आणि गुरुवारी असे दोन शो.

आता हार्मनी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे तिघी जणी मिळून गातात तेव्हा तिघी एकच चाल गातात. हार्मनीत तिघी एकाच वेळी तीन वेगळे सूर लावतात आणि ऐकणाऱ्याला ते सगळं एकजीव वाटावं लागतं. यांच्यात मुख्य चाल हिल्डाची, तिच्या वरचा सूर सेलीनचा, खालचा फिलोमिनाबाईंचा. यातली एक जरी केसभर घसरली तरी तिन्ही बेसूर वाटतात. सोमवारी हिल्डा घसरली. तिला सावरायला सेलीनने आवाज चढवला, आणि मग तिघी मिळून जे काही झालं त्याला गाणं म्हणवत नाही. तिसऱ्या गाण्याला लोक आपापसात मोठ्याने बोलायला लागले. पुढच्या टेबलावरचे दोन इंग्रज बँकर बिल मागवून निघून गेले, आणि नबीलने नेमकं तेच पाहिलं.

खरं सांगतो, मी मनातल्या मनात त्यांनाच दोष दिला. पन्नाशीच्या बायका, चौदा वर्षं घरी, आता कुठला गळा राहणार? माझ्याकडून काही कमी नव्हतं. लंडनहून नवाकोरा बारा चॅनेलचा मिक्सर आला होता. मिक्सर म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून कमीजास्त करायचं यंत्र. त्याच्या वरखाली सरकणाऱ्या दांड्यांना फेडर म्हणतात. मी तिघींना तीन स्वतंत्र माइक दिले होते, एकमेकींपासून दीड-दोन मीटरवर उभं केलं होतं, आणि तिन्ही फेडर अगदी एका रेषेत लावले होते. इतकी नीट मांडणी मुंबईत कोणाच्या बापाने केली नव्हती. असा माझा तोरा.

मंगळवारी दुपारी एक केबल बदलायला मी हॉलच्या मागच्या पॅसेजमधून चाललो होतो. तिथे बँक्वेटच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असत. त्या खुर्च्यांच्या पलीकडून गाणं ऐकू आलं, आणि मी जागच्या जागी थांबलो.

रेकॉर्ड वाजतेय असंच वाटलं. मग लक्षात आलं की मध्येच कोणीतरी खोकलं.

मी डोकावलो. तिघी डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ उभ्या होत्या. फिलोमिनाबाईंनी दोघींची कोपरं धरली होती. त्या श्वास घ्यायच्या आणि तोच श्वास तिघींचा व्हायचा. पण मला खिळवलं ते त्यांच्या पायांनी. हिल्डाची ओळ आली की ती अर्धं पाऊल पुढे यायची आणि दोघी मागे सरायच्या. सेलीनची तान आली की हिल्डा खांदा वळवून तिला वाट करून द्यायची. फरशीवर खडूने छोट्या फुल्या मारल्या होत्या. सगळं इतकं सरावाचं होतं की एकीचंही लक्ष खाली नव्हतं.

गाणं संपल्यावर मी पुढे झालो. "बाई, हे काल का नाही केलंत?"

फिलोमिनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काल तुम्ही तीन माइक ठेवले होते."

"मग?"

"आम्ही आयुष्यभर एका माइकवर गायलोय, मिस्टर मुकुंद. कोणी किती ऐकू यायचं ते आम्ही पायांनी ठरवतो. तुम्ही आम्हाला खांबांसारखं लांब लांब उभं केलंत. मला हिल्डाचा श्वास ऐकू येईना, हिल्डाला माझा."

"मग सांगायचं नाही का मला?"

फिलोमिनाबाईंनी दोघींची कोपरं सोडली. सेलीन खाली बघायला लागली. मग हिल्डाच बोलली. "चौदा वर्षांनी कोणीतरी स्टेजवर बोलावलं. त्याला पहिल्याच दिवशी काय सांगायचं, तुमचं मशीन चुकतंय म्हणून? म्हटलं, आता असंच गात असतील लोक. आमच्या या थोरल्या बायने नोकरी सोडलीय. परत गेलो तर आम्ही दोघी आपापल्या घरी जाऊ. ती कुठे जाईल?"

"हिल्डा, पुरे," फिलोमिनाबाई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिघींचा तोल त्यांच्या पायांत होता आणि मी त्यांचे पायच बांधून टाकले होते. रेडिओवर अख्खा वाद्यवृंद एका माइकभोवती बसवून रेकॉर्ड करणारे म्हातारे इंजिनियर मी पाहिले होते. आम्ही पोरं त्याला गरिबी म्हणायचो.

तरीही एक माइक ठेवला की काम झालं, इतकं ते सोपं नव्हतं. स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरला की तो गरगर फिरत वाढत जातो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. याला आम्ही फीडबॅक म्हणतो. माइक तोंडाशी असेल तर तो थोडासाच उघडावा लागतो, म्हणजे त्याचा आवाज थोडाच वाढवावा लागतो, मग धोका कमी. पण तिघी जणी हातभर लांब उभ्या राहणार म्हणजे माइक पुष्कळ उघडणं आलं. आमचे स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना, माइकच्या मागच्या रेषेत. शिट्टी नक्की. उपाय एकच होता, स्पीकर माइकच्या बरेच पुढे, लोकांच्यात न्यायचे.

मी नबीलकडे गेलो.

"स्पीकर हॉलमध्ये? कुठे?"

"पहिल्या रांगेच्या पुढे. दोन टेबलं काढावी लागतील."

"गुरुवारी सगळं फुल आहे. मफी टेबल, एकही टेबल मिळणार नाही."

"मग हॉलमधल्या खांबांवर लावतो."

"त्या खांबांना मार्बल आहे. एक भोक पाडलंस तर तुला त्याच भोकात घालीन."

"भोक न पाडता लावले तर?"

नबील हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "माय फ्रेंड, गायलाच येत नाही त्यांना. तू स्पीकर घेऊन कुठे फिरतोस?"

माझंही डोकं गरम आहे. मी म्हणालो, "गायला त्यांना येतं. ऐकवायला मला आलं नाही. गुरुवारीही नाही जमलं तर शनिवारच्या विमानात चौथी सीट माझी काढ."

"काढीन," तो म्हणाला. "खिडकीची."

बुधवारी सकाळी मी तुबलीला गेलो. तिथल्या गॅरेजांत लोखंडाचं काय वाटेल ते करून मिळायचं. माझ्या ओळखीचा एक केरळी वेल्डर होता. त्याला मी कागदावर चित्र काढून दाखवलं. खांबाला कवळ घालणारा लोखंडी पट्टा, आतून रबर, मागे नटबोल्ट, पुढे स्पीकर ठेवायला फळी.

"कल मिलेगा, इंशाल्ला," तो म्हणाला.

"इंशाल्ला नही. आज, चार बजे. मैं इधरही बैठता है."

आणि मी खरोखरच तिथे टायरवर बसून राहिलो. साडेपाचला चार पट्टे मिळाले, अजून गरम होते. टॅक्सीवाला सीट जळेल म्हणून कुरकुरला, तेव्हा ते गोणपाटात गुंडाळून मी मांडीवर घेतले.

गुरुवारी दुपारी पट्टे खांबांना बसले. मार्बलला ओरखडासुद्धा नाही. पियानोसाठी आणलेला एक मोठा जड माइक कपाटात पडून होता, तो स्टेजच्या मधोमध उभा केला. साथीच्या ड्रमरचा आवाज माइकमध्ये कमी शिरावा म्हणून त्याला काठ्यांऐवजी ब्रश घ्यायला लावले. फिलोमिनाबाईंनी वाकून स्वतः खडूने फुल्या मारल्या. मग मी माइक हळूहळू उघडत गेलो. शिट्टी आली. ज्या उंचीच्या सुरावर ती येत होती तेवढाच सूर यंत्रातून कमी केला, पुन्हा उघडला. असं चार वेळा. पाचव्या वेळी आली नाही.

"आता शो चालू असताना तुम्ही काय करणार?" फिलोमिनाबाईंनी विचारलं.

"गरज पडेल तसं कमीजास्त करीन."

"काही करायचं नाही. तू हात लावलास की आमचे पाय चुकतात." त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आल्या ते त्यांनाही कळलं नसावं.

साडेआठला हॉल गच्च भरला होता. बँकांमधले इंग्रज, दोन-तीन बहरीनी कुटुंबं, आपल्याकडचे इंजिनियर आणि अकाउंटंट सहकुटुंब, मागच्या टेबलांवर वसईच्या नर्सेस. नबील दाराशी हाताची घडी घालून उभा होता. तिघी निळे गाऊन घालून आल्या आणि फुल्यांवर उभ्या राहिल्या. फिलोमिनाबाईंनी कोपरं धरली.

पहिला सूर लागला आणि मला कळलं की आज जमणार. तीन गळ्यांतून एकच आवाज येत होता, आणि तो खांबांवरून सगळ्या हॉलवर पसरत होता.

दुसऱ्या गाण्यात हिल्डाची एकटीची ओळ होती. ती अगदी हळू सुरू झाली. मला वाटलं, मागच्या टेबलांना ऐकू जाणार नाही. सवयीने माझा हात फेडरकडे गेला. फिलोमिनाबाईंनी गाता गाता, सूर न सोडता माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसलो. हिल्डा अर्धं पाऊल पुढे आली. आवाज फुलत गेला, जितका हवा तितकाच. वीस वर्षं जरी मी फेडर सरकवत बसलो असतो तरी तो तसा फुलवता आला नसता.

काट्याचमच्यांचा आवाज थांबला होता. वेटर ट्रे हातात धरून भिंतीला टेकले होते. शेवटी त्यांनी वसईकडचं लग्नातलं एक गाणं तीन सुरांत बांधून म्हटलं, आणि मागच्या नर्सेस उठून उभ्या राहिल्या. मग त्यांच्या पुढची टेबलं उठली. मग सगळा हॉल. शब्द न कळलेले इंग्रजसुद्धा. मला रडू आलं, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. स्टेजवर हिल्डा हसत होती, सेलीन डोळे पुसत होती, आणि फिलोमिनाबाई ताठ उभ्या होत्या, टाळ्या थांबण्याची वाट बघत, कारण त्यांना अजून एक गाणं म्हणायचं होतं.

तीन गाणी म्हटली त्यांनी आणखी.

नबील माझ्या टेबलाशी आला. "किती माइक होते?"

"एक."

"आणि तू काय केलंस?"

"काही नाही."

त्याने बारा चॅनेलच्या मिक्सरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "यल्ला, चल," तो म्हणाला. "रोज हेच कर."

तीन महिन्यांचा करार सहा महिन्यांवर गेला. त्यानंतर दर हिवाळ्यात त्या बहरीनला येऊ लागल्या, मग दोहा, दुबई, मस्कतची हॉटेलं मागे लागली. मुंबईत ज्यांनी फोन बंद केले होते त्यांचेही फोन सुरू झाले. चौदा वर्षं बंद पडलेली गाणाऱ्या बहिणींची तिकडी पुढे आठ वर्षं गात राहिली, आणि बहरीनहून सौदीला जाणारा समुद्रावरचा पूल, तो कॉजवे, सुरू झाला त्या वर्षी, गळा शाबूत असताना, फिलोमिनाबाईंनी स्वतःच्या मर्जीने थांबायचं ठरवलं. तोवर त्यांनी वसईत स्वतःचं घर बांधलं होतं. मी एकदा जेवायला गेलो होतो. टेलिफोन एक्स्चेंजचं नावही निघालं नाही.

नव्या साउंडवाल्या मुलांना मी एवढंच सांगतो की यंत्र लावण्याआधी गाणाऱ्याला विचारा, तुम्ही कसे उभे राहता. ती माना डोलावतात आणि चार माइक जास्त लावतात. मीही तसाच होतो, तेव्हा बोलायला तोंड नाही.

दुसऱ्या हिवाळ्यापासून त्यांच्या करारात एक नवं कलम आलं होतं, फिलोमिनाबाईंनी स्वतः टाइप केलेलं. साउंड टेक्निशियनने कार्यक्रमाआधी एक माइक लावावा, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर कशालाही हात लावू नये. खाली टेक्निशियनच्या सहीची जागा. मी दर वर्षी सही केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सर्वांत चांगल्या कामाचं इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कुठल्याच कागदावर झालं नाही.